दोन रेघांचं झुरळ

सुभद्राकाकीला झुरळांतलं सगळं कळतं, असं आमच्या गल्लीत चेष्टेनं म्हणतात. मी तिचा शेजारी, सोसायटीच्या गोदामाचा राखणदार. पोत्यांतल्या झुरळांशी माझी रोजचीच गाठ, पण काकीपुढं मी तोंड उघडत नाही. मोठं तांबडं झुरळ मोरीतून येतं, कधी उडतंही. त्याला ती चपलेनं मारून मोकळी होते. तिचा खरा राग नखाएवढ्या फिकट तपकिरी झुरळावर. त्याच्या डोक्यामागं दोन काळ्या उभ्या रेघा असतात. पंख असून ते उडत नाही. मादी अंड्यांची पेटी पिल्लं निघायच्या वेळेपर्यंत मागं लटकवून हिंडते. आणि ते राहतं माणसांच्या संसारातच. त्याला चुलीची ऊब लागते, सांडलेलं पाणी लागतं, भाकरीचा चुरा लागतो.

हे झुरळ ऊसतोडीवरून सामानात बसून येतं, हे काकीनं ओळखलं होतं. म्हणून मुलगा आसाराम आणि सून गीताबाई पाडव्याच्या सुमाराला सहकारी कारखान्यावरून परतले, की ती त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवायची. बोचकी अंगणात सोडायची, उन्हात झटकायची, मगच माणसं घरात. दमलेली सून तोंड पाडून उभी राहायची. मला म्हातारीचा राग यायचा.

मग एका साली दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, गावात टँकर सुरू झाला. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर मुलगा-सून गेल्यावर काकी एकटी उरली. एक वेळची चूल, एक घागर पाणी. चुलीमागं आता बारीक झुरळ एकही नाही, असं तिनं मला सांगितलं. बरं झालं की, मी म्हणालो. नंतर पाहिलं तर चुलीमागं ओलं फडकं आणि भाकरीचा तुकडा ठेवलेला. लोक पावडर टाकतात आणि ही बाई पाहुणचार करते. मला हसू आलं, आणि मग फार वाईट वाटलं.

पाडव्याआधी आसाराम आला, एकटाच. कारखान्याजवळच्या एका बागायतदाराकडं दोघांनी कायमचं राहायचं ठरवलं होतं. तो भांडी न्यायला आला होता. खोली लहान आहे, तुझं पुढं बघू, असं त्यानं आईला सांगितलं. काकीनं पातेली, परात स्वतः पोत्यात भरली.

तो निघाला तेव्हा ती म्हणाली, "गीताला सांग, आता बोचकं झटकाया लावणार न्हाई. तसंच घेऊन ये म्हणावं घरात."

"त्याच्यापायी न्हाई, माय," आसाराम खाली बघत म्हणाला. "तिकडं पाणी हाय."

पुढच्या साली पाऊस झाला, विहिरी भरल्या. ती दोघं आली नाहीत. बोचक्यापायीच गेली, असं काकी म्हणते, आणि तिची समजूत घालायला माझ्याकडं आता पाण्याचं कारणही राहिलेलं नाही.