तेलाचा दाब आणि आमचं वऱ्हाड

माणसंही ओतता येतात, हे मला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला असताना कळलं. वाळू, गिट्टी, शेणखत ट्रॉलीतून ओतताना मी लहानपणापासून बघत आले होते. पण पांढऱ्याशुभ्र साड्या नेसलेल्या बाया आणि कडक इस्त्रीचे सदरे घातलेले बाप्ये एका दमात खाली येतात, आणि तेही माझ्या हातानं, हे नवीन होतं.

लग्न माझ्या चुलतभावाचं, सुमेधदादाचं. नवरी नांदुऱ्याची, आम्ही मोताळ्याजवळचे. नवरदेव आणि त्याचे मित्र आदल्या दिवशीच जाऊन बसले होते. आमच्यासाठी ठरवलेली गाडी सकाळी आलीच नाही. ड्रायव्हरचा फोन आला, गाडी वाटेत बसली म्हणून. मग अशोककाका, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, आपला ट्रॅक्टर घेऊन आले. मागं नवीकोरी हायड्रोलिक ट्रॉली. ते पहाटेच कुठंतरी गिट्टी ओतून आले होते. आईनं ट्रॉली धुतली, पुसली, वर मोठी सतरंजी अंथरली आणि वऱ्हाड बसलं. मी काकांच्या शेजारी, चाकाच्या मडगार्डवर.

या लग्नात एक अडचण आधीपासून होती. दादाचे वडील, म्हणजे आमचे मोठे बाबा, निवृत्त हेडमास्तर. नवरीकडच्यांनी पत्रिका छापण्याआधी दाखवायला पाठवली, तर यांनी ती लाल पेनानं तपासून परत पाठवली. (खाली सहीसुद्धा केली होती.) तेव्हापासून नवरीकडचे आमच्याशी अगदी जपून बोलत. नवरीच्या आजी तर म्हणाल्या होत्या, "पोरगं चांगलं हाये, पण हे येवढे शिकेल लोक आपल्या पोरीले सुखानं जेवू देतीन का?" हे आमच्यापर्यंत पोचलं होतं. त्यामुळं निघताना आईनं सगळ्यांना बजावलं, "आज कोणी शहाणपणा करू नका." बोलताना ती मोठ्या बाबांकडं बघत होती. माझ्याकडं बघायला हवं होतं.

हॉलसमोर पोचलो. नवरीकडची मंडळी हातात फुलांच्या पाकळ्या घेऊन दारात उभी. शेजारी मांडववाल्यानं बैठकीच्या गाद्या उतरवून ठेवल्या होत्या, चांगली कमरेएवढी थप्पी. काकांना वाटलं, म्हाताऱ्या बायांना ट्रॉलीवरून उडी कशाला, गाद्यांवर पाय ठेवून उतरतील. म्हणून त्यांनी ट्रॉली उलटी घेऊन बरोबर गाद्यांना भिडवली आणि मागचा फाळका उघडला. "बसा जरा, मी ट्रॅक्टर कुठी लावाचा ते इचारून येतो," म्हणून ते आत गेले. इंजिन चालूच ठेवलं, कारण बॅटरी उतरलेली होती. बंद केलं असतं तर वऱ्हाडालाच ढकलावं लागलं असतं.

आता दोन्हीकडचे लोक एकमेकांकडं बघत गप्प. कोणी पाकळ्या टाकेना, कोणी उतरेना. ही शांतता मोडायची म्हणून मोठे बाबा ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्यातून मोठ्यानं म्हणाले, "ही आमची पुतणी. मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकून राह्यली. सांग वं प्रज्ञा, हे ट्रॉली उचलते कशी?"

मला द्रव यांत्रिकी आणि हायड्रोलिक मशिनरी हा विषय होता, आणि तो मला येत होता. हेच वाईट झालं. मी मडगार्डवरून वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सुरू केलं. "बंद जागेतल्या तेलावर दाब दिला, की तो चहूकडं सारखाच पसरतो. पंप ते तेल सिलिंडरमध्ये ढकलतो, मग दट्ट्या वर जातो आणि कितीही वजन असलं तरी उचलतो. फक्त हा दांडा असा वर ओढायचा."

आणि ओढला.

माणसं बसवायची असली, की काका ट्रॉलीकडं जाणारा तेलाचा कॉक बंद करतात, हे मला माहीत होतं. आज गडबडीत ते विसरले, हे माहीत नव्हतं. इंजिनाचा आवाज जड झाला. मला वाटलं, बंद पडतंय.

हायड्रोलिक ट्रॉली घाईनं उठत नाही. माणसाला विचार करायला ती पुरेसा वेळ देते. आधी पेढ्यांचा डबा एकटाच मागं निघाला. सगळ्या वऱ्हाडानं माना वळवून त्याच्याकडं पाहिलं. तो शांतपणे सतरंजीवरून गेला आणि गाद्यांवर जाऊन पडला. आत्या म्हणाली, "काऊन वं, चढ लागला का?" एवढं म्हणेपर्यंत तीही डब्याच्या वाटेला लागली होती. आईनं तिचा हात धरला आणि तिच्याबरोबर गेली. आणि मग सतरंजीच सुटली. जे जसे बसले होते तसेच, कोणी मांडी घालून, कोणी पदर सावरत, नवरीकडच्यांच्या पुढ्यात उतरले.

मी दांडा सोडला. ट्रॉली थांबली, पण खाली येईना. तेल आत कोंडलं होतं.

नवरीची आई तोंडावर हात ठेवून उभी होती. फोटोग्राफर कॅमेरा खाली करून बघत होता. गाद्यांवर आमचं अख्खं खानदान पांढऱ्या कपड्यांत एकावर एक. कोणाला लागलं नव्हतं, पण कोणी हलतही नव्हतं. माझ्या डोक्यात एकच आलं, दादाचं लग्न मोडलं.

आणि एक माणूस खाली आलाच नव्हता. मोठे बाबा. त्यांनी पुढच्या पत्र्याची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि ते आभाळाच्या बाजूला तसेच राहिले होते. चष्मासुद्धा जागेवर.

"प्रज्ञा," ते वरून म्हणाले.

"हो, मोठे बाबा."

"हे खाली कसं येते?"

"तेलाले मागं जायले वाट द्यावी लागते."

"मंग दे."

मी दांडा घाईनं खाली दाबायला गेले, तर त्याची मूठच निघून हातात आली. मी ती त्यांना दाखवली. त्यांनी मुठीकडं पाहिलं. "आता तू कशालेच हात नको लावू," ते म्हणाले.

तेवढ्यात नवरीच्या आजी काठी टेकत पुढं आल्या. त्यांनी गाद्यांवरच्या ढिगाकडं पाहिलं, मग मान वर करून मोठ्या बाबांकडं.

"इवाई," आजींनी आपल्या व्याह्यांना विचारलं, "तिथून स्टेशन दिसते का?"

मोठे बाबा जन्मात खोटं बोलले नाहीत. त्यांनी मान वळवून नीट पाहिलं आणि म्हणाले, "स्टेशन नाही दिसत. पाण्याची टाकी दिसते."

पहिली हसली ती आई, ढिगाच्या तळातून. मग आत्या. मग नवरीची आई भिंतीला टेकून हसायला लागली आणि दोन्हीकडचं वऱ्हाड एकदमच फुटलं. काका धावत आले, दृश्य पाहून जागीच थबकले. "मी तं गिट्टी सकाळीच ओतली होती," एवढंच त्यांना सुचलं.

त्यांनी बिनमुठीचा दांडा दोन बोटांनी हळूहळू दाबला. तेल परत फिरलं आणि मोठे बाबा विमान उतरावं तसे सावकाश, पाठ ताठ ठेवून खाली येऊ लागले. नवरीकडच्यांच्या हातात पाकळ्या अजून तशाच होत्या. दुसरं काय करावं हे न सुचून त्यांनी त्या उधळल्या. मोठ्या बाबांनी हात जोडले. आजी म्हणाल्या, "असा इवाई तं कोणाच्याच घरी नाही उतरला." आणि त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेल्या. बुद्धवंदनेला दोघं शेजारी बसले. जेवताना तर आजींनी त्यांना आग्रहानं वाढलं.

सत्र संपताना माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले सर म्हणाले, "पुस्तकातलं नको. एखादी हायड्रोलिक यंत्रणा स्वतः चालवली आहे?"

"हो सर. टिपिंग ट्रॉली."

"छान. त्यावर लोड काय होता?"

"नातेवाईक, सर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघत विचारलं, "लोड सुरक्षित उतरला ना?"

"उतरला सर," मी म्हणाले. "पण तेव्हा मला हात लावायची मनाई होती."