सुताला लागते तेवढी ओल

अण्णा कुठल्याही वस्तूला आधी हाताची मागची बाजू लावायचे. भिंतीला, चहाच्या कपाला, तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळाला. डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "थांबा, हवा काय म्हणती बघू."

हवेशी असं बोलणारं माणूस तुमच्याही ओळखीत असेल कदाचित. आमच्या गल्लीत ते समोरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. चादरींच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि मागांच्या खडखडाटानं कान अर्धे गेलेले, म्हणून दोन्ही भाषा मोठ्यानं.

मी निवृत्त शिक्षिका. माझी मुलगी पुण्यातून परदेशी शिकायला गेली आणि जाताना तिचा पाळलेला अजगर माझ्याकडे ठेवून गेली. आफ्रिकेतल्या बॉल पायथन जातीची मादी. तीन फुटांची, गडद तपकिरी अंगावर पिवळसर ठिपके, विष नाही. घाबरली की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करायची, म्हणून नाव लाडू. नोंदणीचे कागद फायलीत आणि लाडू प्लास्टिकच्या डब्यात, असा संसार माझ्या मधल्या खोलीत आला. "दोन वर्षांचा प्रश्न आहे, आई," मुलगी म्हणाली. मी हो म्हटलं, आणि त्या खोलीत भिंतीला चिकटून चालू लागले.

उन्हाळा लागला तशी लाडूनं खाणं सोडलं. कात टाकली तीही तुकड्यातुकड्यांत. एक पापुद्रा डोळ्यावरच चिकटून राहिला. फोनवर तो पाहून मुलगी रडायला लागली. "हवा कोरडी पडतेय, आई. कुणाला तरी देऊन टाकूया का?" ती 'देऊन टाकूया' म्हणाली तेव्हा तिचा आवाज शाळेत असतानासारखा बारीक झाला होता. मी म्हटलं, "बघते मी काहीतरी."

अण्णांना मी फक्त प्लग बदलायला बोलावलं होतं. त्यांनी डब्यात पाहिलं आणि तीन पावलं मागं गेले.

"बाई, ह्यो खरा हाय?"

"खरी आहे. खात नाही. कातही नीट निघाली नाही."

ते दाराशी उभे राहिले. जावं की थांबावं हे त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं. मग पाय जागेवर ठेवूनच त्यांनी अंग पुढं वाकवलं आणि पालथा हात डब्याला लावला.

"लई कोरडं हाय की हितं. सूत असतं तर तटातटा तुटलं असतं."

मग त्यांनी सांगितलं, उन्हाळ्यात कारखान्यात फरशीवर पाणी मारायचे, ओली पोती टांगायचे. हवा कोरडी पडली की धागा तुटतो, ओल फार झाली की फुगतो. मधली ओल हाताला कळली पाहिजे. मी मुलीनं लिहून दिलेले आकडे वाचून दाखवले: एका बाजूला बत्तीस अंश, दुसऱ्या बाजूला सव्वीस, ओल साठ टक्के.

"आकडे तुमी बघा," ते म्हणाले. "मी हात बघतो."

नवी पेठेतल्या एका कापडदुकानाचं नूतनीकरण चाललं होतं. तिथलं आडवं, काचेच्या सरकत्या दाराचं कपाट त्यांनी हातगाडीवर घालून आणलं. डांबरगोळ्यांचा वास मारत होता. तो वास सापाला बाधतो असं मुलीनं सांगितल्यावर अण्णांनी कपाट पुन्हापुन्हा धुतलं आणि दोन आठवडे उन्हात ठेवलं. रोज सकाळी ते त्यात डोकं घालून हुंगायचे. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "अण्णा, काय शोधताय?" ते म्हणायचे, "काय नाय. काय नाय तेच शोधतोय."

कपाटाच्या पाठीला हवेसाठी भोकं पाडली. एका टोकाला खालून गरम होणारी चटई बसवली आणि तिला तापमान सांभाळणारं यंत्र जोडलं. "आता हिटरला अक्कल आली," ते म्हणाले. तळाला नारळाचा ओलसर भुसा, मधोमध जड पाण्याचं भांडं, आणि दोन टोकांना दोन मडकी, तोंडं कापून पालथी घातलेली. मडकी मला लहान वाटली.

"एवढ्याशा जागेत कशी राहील?"

"चारी बाजूनी अंगाला काय तरी लागाय पायजे बाई. नायतर झोप कशी लागंल?"

उजेड नको म्हणून तीन बाजूंना त्यांनी चादर ताणून बसवली. लाडूला आत मात्र मीच सोडलं. अण्णा दाराबाहेरून "सावकाश, सावकाश" ओरडत होते. हातावरून ती सरकली तेव्हा कळलं, अंग ओलसर नसतं तिचं. गार, कोरडं, मऊ असतं.

मग आम्ही वाट पाहिली. दुपारी खिडक्या झाकलेल्या, पंख्याची घरघर, बाहेर ऊन पांढरं झालेलं, आणि त्या अंधुक खोलीत आम्ही दोघं दोन खुर्च्यांवर. काचेमागं काहीच हलायचं नाही. तरी आम्ही बघत राहायचो. वेळ कुठं जायचा कळायचं नाही. कधी अण्णा मध्येच बोलायचे, आणि त्या खोलीत त्यांचा आवाज खाली यायचा. बायको कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, म्हणाले. दिवसभर कुणाशी बोलायची नाही. "मला वाटायचं रुसली. रुसली नव्हती. तिला बरं वाटत होतं."

अकराव्या दिवशी लाडूनं खाल्लं. मुलीला फोन लावला तर तिकडून नुसतं हुंदके देत हसणं ऐकू आलं. पावसाळ्याच्या तोंडी लाडूनं कात टाकली. सकाळी मी मडकं उचललं, तर डोळ्यांच्या पापुद्र्यांसकट अखंड कात, मोजा काढून ठेवावा तशी.

अण्णांनी ती दोन्ही हातांवर घेतली. सापाला कधी न शिवलेला माणूस. खिडकीशी जाऊन उजेडात धरली, बोटांमधून हळूहळू सरकवत शेपटीपर्यंत तपासली. "एक धागा तुटला न्हाय," म्हणाले, आणि कितीतरी वेळ ती खाली ठेवेनात.

पुढच्या थंडीत त्यांना दम लागायला लागला. हैदराबादचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. त्यानंतर दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल यायचा. माझी चौकशी दोन वाक्यांत उरकायची. "बरं हाय न्हवं? मग तिकडं वळवा की फोन." मी फोन काचेसमोर टेकवून ठेवायची आणि ते तिकडून बघत बसायचे.

वैशाखात त्यांच्या मुलाचा फोन आला. काय सांगणार ते त्याच्या पहिल्या शब्दावरूनच समजलं.

त्याआधीच्या रविवारीही फोन नेहमीसारखा काचेसमोर टेकवलेला होता. लाडू मडक्यातून बाहेर आली, पाणी प्यायली, काचेच्या कडेनं संथपणे दुसऱ्या टोकाला गेली. "अण्णा, पाहिलंत का?" मी विचारलं. फोन उचलून पाहिला तर त्यांचा हात कलला होता आणि पडद्यावर हैदराबादच्या त्या घराचं छत दिसत होतं, त्यात पंखा फिरत होता, आणि कुठूनतरी त्यांच्या घोरण्याचा संथ आवाज येत होता. मी फोन बंद केला नाही. तसाच पुन्हा काचेसमोर टेकवून ठेवला.