गयाबाईच्या घोटांचं चित्र

फोन आला तेव्हा मी अहमदपूरच्या स्टँडवर होतो. नांदेडहून लातूरला येत होतो, एसटी चहाला थांबलेली. गयाच्या उपचाराची तारीख घेऊन निघालो होतो, पुढल्याच सोमवारची. शेजारची सून म्हणाली, "काका, आधी कुठंतरी बसा." मी बसलो न्हाई. कळलं होतं… जेवण उलटून श्वासात गेलं. दवाखान्यात नेईपर्यंत माझी बायको संपली होती.

भूकंपाआधी गया लई खायची, खोटं कशाला लिहू. तोंडात घास ठेवून मला शिव्या द्यायची. त्या पहाटे औशाकडच्या गावातलं आमचं दगडमातीचं घर बसलं आणि आमची लहानगी लेक त्याखाली राहिली. एकच होती. मग आम्ही दोघं लातूरला आलो, शिकवणीच्या पोरांसाठी खानावळ घातली. गया सगळ्यांची मावशी. "डॉक्टर व्हायचंय न्हवं? मंग दोडका काय तुझा बाप खाईल?" म्हणत वाढायची. पोरं हसायची आणि खायची. ती मात्र सगळी उठल्यावर मोरीपाशी उभ्यानं जेवायची. घास छातीत अडकायचा. मान मागं टाकायची, हात वर करायची, वरून पाणी ढोसायची, तरी अर्धं परत यायचं.

लातुरात दुर्बीण घालून पाहिलं, आत गाठ न्हाई म्हणले, मनाच्या गोळ्या दिल्या. माहूरच्या देवीला जाऊन आलो. जो तो म्हणायचा, लेकीचं दुःख गळ्यात बसलंय. पुढं तिलाही ते पटलं. पटलं म्हणजे… तिनं ते जपलं.

वर्षं गेली, ती काडी झाली, तेव्हा कुणीतरी नांदेडच्या डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. त्यांनी नाकातून बारीक नळी घातली आणि घोट घोट पाणी प्यायला लावलं. घोटागणिक पडद्यावर रंगीत चित्र उमटत होतं. बाई म्हणाल्या, आम्ही कितीतरी रोग्यांची अशी चित्रं दाखवून कंप्युटरला शिकवलंय. मी माझ्या डोळ्यानं बघते, तो त्याच्या हिशोबानं बघतो, आणि आज दोघांचं एकच म्हणणं आहे. घास आला की अन्ननळीचं खालचं तोंड उघडायला पाहिजे, यांचं उघडत नाही. तिथल्या नसांचा आजार आहे. फुगा घालून ते तोंड रुंद करता येतं.

मला वाटलं, गया सुटली. तिचं तोंड उतरलं.

"म्हंजे ती पोर नव्हती गळ्यात?" तिनं विचारलं.

बाईंना कळलं न्हाई. मला कळलं.

घरी आल्यावर फुग्याचं नाव काढू देईना. मी लई बोललो, रागावलो, हातापाया पडलो. तिचं एकच. "घास सरळ उतरायला लागला, तर तिचं काय ऱ्हाईल माझ्यापाशी? फोटू बी न्हाई." महिने असेच गेले. मग एक दिवस मी माझं ताट घेऊन मोरीपाशी तिच्याजवळ उभा राहिलो. म्हणलं, पोर तुझ्या एकटीची नव्हती. मी रोज पोटभर जेवतो, मंग मी तिला इसरलो का?

ती किती वेळ माझ्या ताटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "जावा. तारीख घेऊन या."

मी गेलो होतो. तिकडंच गेलो होतो…

गयाचे दिवस घातल्यावर बाईंना सांगायला परत नांदेडला गेलो. त्यांनी पडद्यावर तिचं चित्र उघडलं. मग हळूच म्हणाल्या, हरकत नसेल तर गयाबाईंचं चित्र मशीनला शिकवायला ठेवू का? नाव काढून टाकू. पुढच्या कुणाचा आजार लवकर सापडेल.

ठेवा म्हणलं. तिचे घोट कुठंतरी राहतील. फक्त खाली एवढं लिहा, हिला एक लेक होती.

बाईंचे डोळे भरले. "आजोबा, तिथं तसं लिहायची सोय नाही हो."

म्हणून इथं लिहितो. मंदा तिचं नाव.