कुणाचीच नसलेली वाळू

नदी समुद्राला मिळते तिथे तो होडी चालवायचा. सगळे त्याला ‘मधल्या’ म्हणत, कारण त्याचा जन्मच होडीत झाला होता. अलीकडच्या काठाला सुईण नव्हती म्हणून आईला पलीकडे नेत होते. हा गडी काही काठ लागेपर्यंत थांबला नाही. “पोटातली घाई अजून गेलेली नाही,” असं त्याची बायको म्हणायची.

ती पलीकडची. त्या किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरलेले आणि ठिकठिकाणी खाड्या आत घुसलेल्या. शेजारच्या गावाला जायचं तरी होडीच. ज्याच्या ताब्यात पाणी त्याचाच मुलूख, म्हणून दोन परक्या राजांनी दोन बाजू बळकावल्या आणि त्यांनी कुठेतरी लांब बसून कागदावर नदीच्या मधोमध रेघ ओढली. माणसं तीच राहिली, शब्द तेवढे वेगळे झाले. अलीकडे टेबल म्हणत, पलीकडे मेज. त्यावरून नवराबायकोचं पहिलं भांडण झालं. घरात ना टेबल होतं ना मेज.

पुढे त्या दोन राजांचं बिनसलं. कशावरून, ते इथे कुणालाच धड कळलं नाही. एका सकाळी दोन्ही धक्क्यांवर बंदूकधारी शिपाई उभे राहिले आणि होडी बंद झाली. लोकांची जाळी दुरुस्त करून मधल्या पोट भरू लागला. बायको मागच्या दारी भांडी घासताना पलीकडे बघत राहायची. धूर दिसला की म्हणायची, “आईनं चूल पेटवली बघा.” एवढ्या लांबून कुणाच्या चुलीचा धूर ते कसं कळणार? पण मधल्या “हो” म्हणायचा.

थंडी सुरू झाली आणि निरोप आला. पलीकडच्या मासेमारानं भर समुद्रात अलीकडच्याला सांगितलं, त्यानं मधल्याला. सासऱ्यांचं काही खरं नव्हतं. लेकीला एकदा बघायचं म्हणत होते.

बायको रडली नाही. एवढंच म्हणाली, “पोहता आलं असतं तर कधीच गेले असते.”

मधल्या उठला आणि धक्क्यावरच्या शिपायासमोर जाऊन उभा राहिला. शिपाईही त्याच मुलखातला, अंगावरचा गणवेश तेवढा परका.

“मोठ्या ओहोटीला मध्ये वाळूचा पट्टा वर येतो. तो कुणाचा हो?”

“मला काय माहीत? पलीकडे कुणाला सोडायचं नाही, एवढा हुकूम आहे.”

“पलीकडे कशाला जातो? मध्येच जातो.”

शिपायानं इकडेतिकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाला, “वाळू सोडून पुढे पाऊल टाकलंस तर गोळी घालावी लागेल. ती पाळी माझ्यावर आणू नकोस.”

आल्या वाटेनंच निरोप परत गेला. अमावास्येला, ऊन कलताना, पट्टा उघडा पडला, तसं मधल्यानं बायकोला होडीतून तिथे नेलं. मेव्हण्यानंही तिकडच्या शिपायाला तसंच पटवून वडिलांना खाटेसकट होडीतून आणलं. सोबत सासूबाई होत्या. ओल्या वाळूवर खाट ठेवली. म्हाताऱ्यानं लेकीला न्याहाळलं आणि म्हणाला, “अंगानं भरलीस गं.”

“तुमच्या जावयाला विचारा, काय खाऊ घालतात ते.”

दोघं हसली, आणि हसता हसता दोघांचेही डोळे भरले. तिनं आपल्या केसांतला कंगवा काढून त्याचे विस्कटलेले केस सारखे केले. मग हात हातात घेतला आणि भावावर डाफरली, “नखं कोण कापणार यांची?” भाऊ बिचारा खाली मान घालून उभा.

मधल्याचं लक्ष पाण्याकडे होतं. भरती सुरू झाली होती. पाणी खाटेच्या पायांना लागलं तरी तो होडीचा दोर नुसता हातात धरून उभा राहिला. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “ऊठ, पोरी. पाणी कुणासाठी थांबत नाही.”

म्हातारा गेल्याचं कळलं तेही उशिरा. त्या दिवशी तिनं नवऱ्याला वाढलं, स्वतः घास घेतला नाही.

“भेट झाली, मग एवढा राग का येतोय मला?”

“कुणाचा?”

“रेघ ओढणाऱ्याचा. माझा बाप कोण, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.”

मधल्यानं आपलं ताट तिच्यापुढे सरकवलं.

काही वर्षांनी दोन्ही राजांची माणसं आपापल्या बोटीत बसून निघून गेली. होडी सुरू झाली. पहिल्याच खेपेला बायको पलीकडे गेली आणि आईचं दुखणं बघून तिथेच राहिली. मधल्या दुपारचा पलीकडे जेवायचा, संध्याकाळी अलीकडे येऊन स्वतःचं शिजवायचा. लोक चिडवत, “दोन घरचा पाहुणा उपाशी!”

“छे हो,” तो वल्हं मारत म्हणायचा, “बायको दोन वेळचं एकदाच वाढते.”