पट्ट्यांवरून मोजलेली माणसं

देवाचं आटोपून मी मागच्या दारी आले की आधी नाकावर हात जायचा. तिथे ओळीनं लहान मुलांच्या खुर्च्या पडलेल्या असायच्या, गाडीत बसवायच्या, पट्ट्यांच्या. एकीच्या फटीत चघळून थुंकलेलं बिस्किट. दुसरीच्या कापडावर आंबलेलं दूध. तिसरीच्या बुडाशी कोणीतरी वापरलेला लंगोट घडी घालून दडपलेला. घडी घालून! म्हणजे ठेवणाऱ्या बाईला आपण काय करतोय ते चांगलं कळत होतं.

ह्या खुर्च्या आमच्या वन्संच्या कामाच्या. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. शहराबाहेर ते मोठं थीम पार्क झालं, पाळण्यांचं, घसरगुंड्यांचं, वरून पाणी कोसळतं त्याचं, आणि सुट्ट्यांत लोक तिकडे लोटायला लागले. तेव्हा दोन-चार गाड्या असलेल्या एका मालकानं सोय काढली. तुमच्या दारातून उचलणार, पार्कच्या दारात सोडणार, संध्याकाळी परत तुमच्या दारात. पोराबाळांसकट. त्या सगळ्याची आखणी वन्सं करायच्या, आमच्या पुढच्या खोलीत बसून, फोन कानाला लावून.

मी भाजी निवडत ऐकत असायचे.

"मुलगा केवढा आहे?"

पलीकडून काहीतरी येई.

"मोठा म्हणजे केवढा? वजन सांगा. नाही, अंदाजानं नको. काट्यावर उभा करा, मी थांबते."

आणि खरंच थांबायच्या. मग पुढचा प्रश्न. "गाडी लागते का त्याला?" सगळे ठणकावून नाही म्हणत. मग वन्सं आवाज मऊ करून विचारत, "बरं, शेवटचा ओकला कधी?" की पलीकडे गप्प.

"वहिनी, आई-बाप पोराच्या ओकारीबद्दल जितकं खोटं बोलतात तितकं कोर्टातसुद्धा कोणी बोलत नसेल," त्या म्हणायच्या.

मला हसू यायचं नाही. त्याच खोटेपणाचं कापड मागे माझ्या नळाखाली भिजत पडलेलं असायचं.

पण काम त्या मन लावून करायच्या, हे देवाशप्पथ खरं. तान्हं मूल असलेलं घर सगळ्यात शेवटी उचलायचं आणि परतताना सगळ्यात आधी सोडायचं, मग त्यासाठी गाडीला वळसा पडो. गाडी लागणारं पोर पुढच्या रांगेत, खिडकीशी. जुळ्यांना शेजारी बसवायचं नाही, चावतात. कुठल्या इमारतीचं फाटक अरुंद, कुठे लिफ्ट बंद असते, कुठे बाबागाडी घडी करून हातात खाली आणावी लागते, सगळं तोंडपाठ.

आणि त्यांचा एक नियम होता. गाडीत डोकी मोजायची नाहीत. एकदा एक पोरगं चालकाची नजर चुकवून मागच्या बाकावरून पुढे आलं, दोनदा मोजलं गेलं, आणि त्याची बहीण फाटकाशी रडत राहिली. तेव्हापासून वन्संनी ठरवलं. लहान असो मोठा असो, प्रत्येकानं पट्टा लावायचा, चालकानं मागून पुढे येत एकेक पट्टा ओढून बघायचा आणि मोठ्यानं मोजायचा. जितक्या जागा ठरल्या तितके पट्टे भरले की गाडी हलवायची. "डोकी जागा बदलतात, पट्टा बदलत नाही," म्हणायच्या. वर्षानुवर्षं हे बिनचूक चाललं.

मग ते कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन मुलं. चार जागा. नवरा कुठल्याशा कंपनीत साहेब. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघण्याची सवय नाही, हे मला नंतर कळलं. त्या सकाळी चालक दारात गेला तर चौघांच्या मागे त्यांची म्हातारी आई, दोन्ही हातांत पिशव्या.

"ही पण आहे," साहेब म्हणाला. "मागे सामानात बसेल. तिला कितीशी जागा लागते?"

चालकानं वन्संना फोन करायला हवा होता. केला नाही. आमचा हा सकाळचा चालक मऊ मनाचा, कोणी जरा आवाज चढवला की ह्याची मान खाली. त्यानं सामानाच्या जागेत एक पोतं अंथरलं आणि आजींना बसवलं. पट्टा नाही, खिडकी नाही. दीड तास पोत्यावर. साहेबांच्या पोरांना मात्र खुर्चीच्या कापडाला वास येतो म्हणून तक्रार. येणारच, आधीच्यांनी काय करून ठेवलं होतं ते मी धुतलं होतं.

संध्याकाळी परतायला दुसरा चालक जातो. दुपारनंतर पाळी बदलते. त्याला आजी माहीतच नाहीत. त्यानं नियमाप्रमाणे एकेक पट्टा ओढला, मोजला. जागा भरल्या. गाडी निघाली.

बायकोला वाटलं सासू मागे नवऱ्याजवळ आहे. नवरा बसल्या बसल्या घोरायला लागला होता. मुलांनी विचारलं असेल-नसेल, देव जाणे. घराच्या दारात गाडी थांबली, चौघं उतरली, आणि पिशव्या काढायला कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांना आई आठवली.

हे मी नंतर ऐकलं तेव्हा माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. इतकी वर्षं पोरांची घाण धुतली, पण अशी शिसारी आली नव्हती.

पहिला फोन साहेबानं वन्संना केला. आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. "तुम्ही आमच्या आईला तिथे टाकून आलात!"

"साहेब, तुमच्या चार जागा होत्या."

"मला हिशेब शिकवू नका. माणूस हरवलंय माझं!"

वन्सं उठल्या. सकाळच्या चालकाला बोलावून घेतलं. त्यांना एकटीला कशी जाऊ देणार, मी गॅस बंद केला आणि चपला घातल्या. गाडीत बसल्यावर चालकानं सगळं ओकून टाकलं, पोत्यासकट. वन्सं म्हणाल्या, "तू मला फोन केला असतास तर मी काय केलं असतं?"

"नको म्हणाला असतात, ताई. मग आजी घरी राहिल्या असत्या."

"घरी राहिल्या असत्या," वन्सं म्हणाल्या.

मालकाचा फोन वाटेतच आला. त्याचं मोठ्यानं बोलणं मलाही ऐकू येत होतं. "ताई, बाईंना घेऊन थेट त्यांच्या दारात जा आणि माफी मागा. आमच्याकडून विसरल्या गेल्या म्हणा. तो माणूस ते फोनवर टिपून घेणार आहे, घेऊ दे. मग मिटवतो म्हणालाय."

"विसरायला त्यांना आमच्याकडे कधी सोपवलं होतं?"

"एक वाक्य आहे हो, ताई. नाही बोललात तर उद्यापासून मला दुसरी बाई बघावी लागेल. माझ्या गाड्या त्याच्यासारख्यांवरच चालतात."

मी वन्संकडे बघितलं. ह्या वयात दुसरं कोण काम देणार होतं? पुढच्या खोलीतलं ते टेबल, तो फोन, हेच त्यांचं स्वतःचं. बाकी घर माझं, ह्यांचं. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी आजी मिळू देत," आणि फोन पर्समध्ये टाकला.

थीम पार्क मी पहिल्यांदाच बघितलं. अंधार पडला होता, दिवे अजून लागलेले होते. लोक गेले होते आणि त्यांनी मागे जे सोडलं होतं ते राहिलं होतं. जमिनीला चप्पल चिकटत होती. गोड पाणी सांडून वाळलेलं. कचऱ्याचे डबे तोंडापर्यंत भरून बाहेर ओसंडलेले, त्यावर माश्या. अर्धवट खाल्लेलं इतकं की एक वस्ती जेवली असती. आणि त्या सगळ्यावर भोंग्यातून अजून हसऱ्या बायकांचा आवाज, आनंद लुटा म्हणून. लुटलाच होता.

आजी पहारेकऱ्याच्या खोलीत बसल्या होत्या, लहानखुऱ्या, पाय जमिनीला न टेकणाऱ्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट धरलेली. आत नातवंडांचे पाण्यात खेळलेले ओले कपडे. दिवसभराच्या उन्हात ते असे आंबले होते की खोलीत शिरताच मला कळलं.

"ह्यांना मुलानं संडासापाशीच्या बाकावर बसायला सांगितलं होतं," पहारेकरी म्हणाला. "दुपारपासून तिथेच, आत्ता इथे आणलं. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. म्हणे जागा सोडली तर मुलगा शोधत बसेल."

मी म्हटलं, "आजी, ती पिशवी इकडे द्या."

"नको गं. पोरांचे कपडे आहेत. हरवले तर सून रागावेल."

वन्सं त्यांच्यापुढे उकिडव्या बसल्या. "आजी, मी गाड्यांची आखणी करते. तुम्हाला सोडून गाडी गेली, ती माझी."

आजींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "सकाळी त्या पोरानं सगळ्यांचे पट्टे मोजले, मी मागून ऐकत होते. मला मोजलं नाही. तेव्हाच मनात आलं होतं." मग घाईघाईनं, "पण तू माझ्या मुलाला काही बोलू नकोस हो, पोरी. कामाचा फार ताण असतो त्याला."

परतताना वन्संनी त्यांना स्वतःच्या शेजारी बसवलं आणि पट्टा लावून दिला. आजींना तो कसा सोडायचा ते कळेना. दर थोड्या वेळानं विचारायच्या, "हा उघडेल ना गं?"

दारात साहेब उभाच होता, फोन समोर धरून. आईकडे एकदाही बघितलं नाही. बायको मागे हाताची घडी घालून.

"बोला," तो वन्संना म्हणाला. "नीट इकडे बघून. काय झालं आणि चूक कोणाची."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, आणि काय मागावं ते कळत नव्हतं. वाक्य बोलून मोकळ्या होऊ देत, की बोलू नयेत?

वन्सं वळल्या. साहेबाकडे नाही, आजींकडे. हात जोडून म्हणाल्या, "आजी, माणसं पट्ट्यांवरून मोजायची हे मी ठरवलं होतं. पट्टा नसलेलं माणूस गाडीत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते माझं चुकलं."

"मोठ्यानं!" साहेब म्हणाला. "आणि आमच्या आईला विसरलात म्हणा."

"विसरायला आठवण असावी लागते. ती तुमच्याकडे असायला हवी होती. आणि मी तुमच्याशी बोलतच नाहीये."

"कळतंय का कोणाशी बोलताय ते?"

"कळतंय. म्हणून तर बोलत नाही."

त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. फोन खाली आला. तेवढ्यात सुनेनं आजींच्या हातातली पिशवी ओढली, उघडली आणि नाक दाबलं. "शी! अहो, पिळून वाळत नाही का घालायचे? दिवसभर करत काय होतात?"

आजी म्हणाल्या, "आत्ता धुते." आणि आत गेल्या. मागे वळून बघितलं नाही. कोणी त्यांना जेवलीस का म्हणून विचारलं नाही.

मी देवभोळी बाई. कोणाबद्दल वाईट चिंतू नये असं मला शिकवलंय. त्या दाराबाहेर मला थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः टेम्पो घेऊन खुर्च्या न्यायला आला. "एक वाक्य होतं, ताई," एवढंच सारखं म्हणत होता, जसं काही वन्संनीच त्याचं काहीतरी चोरलं होतं. वन्संनी खुर्च्या मोजून दिल्या. धुतलेल्या, वाळलेल्या. सकाळच्या चालकाला मात्र त्यानं काढलं नाही. मान खाली घालणारा माणूस त्याला परवडतो. मला त्याच्यासमोर चहासुद्धा नको झाला, आणि तो तर माझ्याच घरात बसून माझाच चहा पीत होता.

ह्यांनी रात्रीच्या जेवणाला म्हणून बघितलं, "बोलून टाकायला हवं होतंस." मीच म्हटलं, "तुम्ही वाढून घ्या गप्प."

चार-आठ दिवसांनी पुढच्या खोलीत फोन वाजला. मालकाची नवी मुलगी. ताई, तान्ह्या मुलांचं कसं बसवायचं? ताई, तो उत्तरेकडचा रस्ता कुठे अडतो? मी खुणेनं सांगत होते, ठेवा, ठेवून द्या. वन्सं मात्र खुर्ची ओढून बसल्या आणि सगळं सांगायला लागल्या. जुळ्यांचं, लिफ्टचं, काट्यावर उभं करायचं. शेवटी म्हणाल्या, "आणि पट्टे मोजून झाले तरी गाडी हलवायची नाही. चालकाला म्हणावं, मागचं दार उघड, सामान बाजूला कर, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. सकाळी पण, संध्याकाळी पण. माणूस सापडलं तर त्याला आधी सीटवर बसव, मग भांडायचं ते भांड."

फोन ठेवला तशी मी उसळले. "कशाला सांगितलंत? ज्यानं हाकललं त्याचंच भलं करायचं?"

"त्याचं कुठे?" वन्सं म्हणाल्या. "ते लोक पुढच्या सुट्टीत पुन्हा जाणार, वहिनी. आजींना नेणारच. पुन्हा मागेच घालतील."

मी मागच्या दारी गेले. अंगण रिकामं, कोरडं, स्वच्छ. वास कसलाच नव्हता. तरी मी नळ सोडला आणि हात कोपरापर्यंत धुतले.