वहिनीच्या बापाचा पंखा

आमच्या पेणच्या घरातला पहिला छताचा पंखा माझ्या वहिनीच्या बापाने दिला. लग्नात भांडीकुंडी सगळेच देतात. या माणसाने रुखवताशेजारी पंख्याचं खोकं मांडलं आणि अक्षता पडेपर्यंत तिथून हलला नाही. रोह्याकडच्या खांब गावाजवळ भातशेती करणारा माणूस. त्याच्या स्वतःच्या घरात पंखा नव्हता. रोह्याच्या दुकानात म्हणे त्याने मालकाला एकेक पंखा चालू करायला लावला आणि प्रत्येकाखाली डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. ज्याच्याखाली टक्कल गार पडलं तो घेतला. हे वहिनीच हसत हसत सांगायची, पहिल्या महिन्यात.

निघताना त्याने माझ्या वडिलांपुढे हात जोडले. "पोरीला उकाडा सोसत नाय. तिच्या खोलीत लावा."

"लावू की," वडील म्हणाले.

वडील गणपती करायचे. पुढची मोठी खोली म्हणजे आमचा कारखाना. पंखा तिथे लागला. शाडू वाळायला वारं लागतं, देवाचं काम आहे, पावसाळा सरला की सुनेच्या खोलीत लावू, असं ठरलं. दादाने बिचाऱ्याने तिच्या खोलीतल्या तुळईला हूकसुद्धा ठोकून ठेवला. बापापुढे त्याची मजल तेवढीच. पावसाळा सरला, मग माघी गणपती आले, मग पुढच्या सालच्या मूर्ती. मग वडील म्हणाले, सारखी काढघाल केली की पंखा बिघडतो.

खरं सांगायचं तर ओल्या शाडूला पंख्याचं जोराचं वारं चालतच नाही, तडे जातात. देवांसाठी पंखा एक नंबरावर फिरायचा. पाच नंबर व्हायचा तो दुपारी जेवणं झाल्यावर. तेव्हा वडील मूर्तींवर ओली फडकी टाकायचे, बटण फिरवायचे आणि खाली चटईवर आडवे व्हायचे. पलीकडे माझी चटई. लेकीला चालायचं, सुनेने सासऱ्यासमोर आडवं व्हायचं कसं? ती तिच्या खोलीत, चुलीच्या भिंतीला टेकून, पुठ्ठ्याने वारा घेत बसायची. तो पुठ्ठाही पंख्याच्याच खोक्याचा. मला ते दिसायचं आणि मला छान झोप लागायची.

वैशाखात तिचा बाप आला, वालाची पिशवी घेऊन, भर दुपारी. वहिनीला सहावा महिना होता. दारातूनच त्याला दिसलं: वर पाच नंबरावर भिरभिरणारा त्याचा पंखा, खाली फडकी पांघरलेले गणपती आणि घोरणारे व्याही. वडील धडपडत उठले. ते माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, "वहिनीला वारा बाधतो. पंख्याखाली निजली की डोकं धरतं. तिनेच नको म्हटलं."

"बाधतो?" तो म्हणाला. "उन्हाल्यात खल्यावर उघड्यात निजायची ही."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिचा चेहरा घामाने निथळत होता. तो तिच्याकडे वळला.

"व्हय गो? बाधतो तुला?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"व्हय, बाबा."

"मंग ऱ्हाऊ दे. देवावर हाय, वाया नाय गेला."

त्याने पाणी प्यायलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. जाताना पंख्याखाली क्षणभर थांबला, पण टोपी काढली नाही. पुढच्या पावसाळ्यात तो वारला. लेकीला वारा बाधतो असंच समजून गेला.

वडिलांची अब्रू राखली, अशी मी कित्येक वर्षं स्वतःची समजूत घातली. खोटं आहे. मला तिचा हेवा वाटायचा. माझ्या बापाने मला उकडतंय का, हे कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी आपल्या ताटातली आंब्याची फोड माझ्या ताटात टाकली. मी ती मिटक्या मारत खाल्ली.

मी लग्न होऊन रोह्याला आले. नवरा धाटावला कंपनीत, शिफ्टला. दिवसा झोपायचा, म्हणून आमच्याकडे खोलीगणिक पंखा. तिकडे पेणला दादाने कारखाना मागच्या शेडमध्ये हलवला. मग वडिलांचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. न्हाणीघर जवळ पडतं म्हणून त्यांची खाट वहिनीच्या खोलीत टाकली आणि तो पंखा एकदाचा त्या हुकाला लागला.

मी बघायला गेले तेव्हा वैशाखच होता. वडील स्वच्छ होते. अंगाखाली धुतलेली चादर, दाढी केलेली, पाठीला एक जखम नाही. वहिनीने सेवेत तसूभर कसूर ठेवली नव्हती. पण बनियन भिजून छातीला चिकटलं होतं आणि पंखा बंद होता. वीज होती, स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. वडिलांनी डावा हात उचलला आणि बोट वर, पंख्याकडे केलं.

मी बटणाकडे हात नेला.

"नको वन्सं," वहिनी दारातून म्हणाली. "मामंजींना वारा बाधतो. डोकं धरतं."

ती आत आली, ओल्या फडक्याने तिने त्यांचा गळा हळुवार पुसला. आवाज चढवला नाही. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"व्हय ना?"

वडीलही माझ्याकडेच बघत होते. त्यांचं बोट अजून वरच होतं.

"व्हय," मी म्हणाले, आणि हात खाली घेतला.

चारच्या एसटीने मी रोह्याला परतले. घरात शिरल्याबरोबर पंखा पाचावर केला आणि त्याच्याखाली पडले. वडील त्यानंतर दोन उन्हाळे जगले.