बायांनी कुठी जायचं

“नवऱ्याशिवाय अजून कोणाकडे जातेस?”

डॉक्टरनं दार उघडं ठेवून विचारलं. बाहेर बाकावर माणसं बसलेली. सगळ्यांनी ऐकलं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी वडशाच्या एका राईस मिलमध्ये धान वाळवायला, पाखडायला जायची. लघवीला आग व्हायची. थेंब थेंब. सासू म्हणाली, “उन्हाळी लागली, धने भिजवलेलं पाणी पी.” प्यायले. उतार पडला नाही, म्हणून या खाजगी डॉक्टरकडे आले.

त्यानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं खुर्ची मागे सरकवली.

“तुमच्या मोहल्ल्यात हे चालतंच. गुप्तरोग आहे. नवऱ्यालाही पाठव.”

तपासलं नाही. एक इंजेक्शन, कागदात चार गोळ्या.

घरी आले ती संशय घेऊनच. नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल. मी त्याच्या सदऱ्याचा वास घ्यायला लागले. त्याच्याही कानावर गेलंच होतं. तो म्हणाला, “तू खरंच दिवसभर गिरणीतच राह्यते ना?” आठ दिवस आम्ही वेगवेगळं जेवलो. एका ताटलीत जेवणारी माणसं आम्ही.

आग दोन दिवस थांबली, परत आली. आता ताप, कंबरदुखी, लघवीत रक्त. सरकारी दवाखान्यात गेले. तिथली नर्सबाई जंगलाकडच्या गावची, गोंड समाजाची. तिनं बाटली दिली, लघवी आणायला सांगितलं. मला वाटलं, आता ही काय शोधणार? बाटली पदराखाली लपवून नेली.

तपासणी झाल्यावर तिनं आधी दार लोटलं.

“लघवीत पू निघाला. लघवीच्या पिशवीत जंतू झाले. चांगल्या-वाईट चालीचा काई संबंध नाई. गिरणीत लघवीले कुठी जाता?”

“कुठीच नाई.”

खरंच होतं. मागच्या बाजूला हमाल, समोर रस्ता. ऑफिसच्या संडासाला कुलूप. एकदा चावी मागितली तर दिवाणजी म्हणाले होते, “तुम्ही वापरल्यावर आम्ही कुठं जायचं?” म्हणून आम्ही बाया सकाळपासून पाणीच पीत नव्हतो. संध्याकाळपर्यंत दाबून धरायचो.

नर्सबाई म्हणाली, “त्यानंच जंतू वाढतात. पाणी प्या, दाबून धरू नका. गोळ्या पूर्ण घ्या, बरं वाटलं तरी मधात सोडू नका.”

माझा तिच्यावरही विश्वास बसत नव्हता. म्हटलं, गोळीचं नाव लिहून द्या. ती रागावली असती तरी मी समजले असते. ती रागावली नाही, नाव लिहून दिलं. मी सातवी शिकलेली, अक्षर अक्षर वाचलं. गोळ्या संपवल्या. आग गेली.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मी डॉक्टरले खरं मानलो.”

“अन् मले नाई,” मी म्हटलं.

कामावर गेले. सगळ्यांसमोर दोन तांबे पाणी प्यायले. दुपारी दिवाणजीसमोर उभी राहिले. “चावी द्या.”

“उद्यापासून येऊ नको.”

मी हलले नाही. मागे एकेका बाईनं सूप खाली ठेवलं. धान उन्हात तसंच पडून राहिलं. तासाभरानं चावी टेबलावर आली.

दुसऱ्या दिवशी कुलूप नवीन होतं.

मला नवल वाटलं नाही. मी परत तांब्या भरला. काम गेलं तर जाऊ दे. तहान लागली की मी पाणी पिणार, आणि लघवी लागली की याच दारासमोर येऊन उभी राहणार. रोज.